शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी कोणतीही गृहिणी सारे पातेले पालथे करीत नाही. ती डावाने चार शिते वर काढते, बोटाने चेपून पाहते आणि भाताविषयी निर्णय देते. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण याच नित्याच्या अनुभवातून जन्मली आहे. थोड्यावरून पुष्कळाचे ज्ञान करून घेण्याची ही रीत सोपी आहे आणि बहुधा ती खरीही ठरते. परंतु ती खरी ठरण्याला एक कारण आहे. पातेल्यातील तांदूळ एकाच जातीचा असतो, त्याला आधण सारखे मिळते आणि उकळत्या पाण्यात दाणे खालीवर होत राहिल्यामुळे तो सर्वत्र जवळजवळ सारखाच शिजतो. म्हणून शीत कोठूनही उचलले तरी चालते.

शेतातील पिकाची गोष्ट अशी नाही. शेताला कोणी ढवळीत नाही. एकाच वावरात एका अंगाला पीक छातीस लागते, तर दुसऱ्या अंगाला गुडघ्याच्या वर येत नाही. मग अशा शेताची, अशा शेकडो शेतांच्या तालुक्याची आणि तालुक्यांनी बनलेल्या जिल्ह्याची परीक्षा कोणत्या शितावरून करावी? हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. त्याच्या उत्तरावर कोट्यवधी लोकांच्या अन्नाची तरतूद आणि शेतकऱ्याच्या पदरात पडणारी नुकसानभरपाई अवलंबून असते. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात वऱ्हाडातील शेतांचाही वाटा आहे.

अमरावती आणि अकोला हे वऱ्हाडातील दोन प्रमुख जिल्हे. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि मधून वाहणारी पूर्णा नदी, असे या प्रदेशाचे रूप आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील जमीन खोल, काळी आणि चिकण असून पावसाळ्यात मुरलेली ओल ती दीर्घकाळ धरून ठेवते. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागांतील पुष्कळ गावांत विहिरीचे पाणी खारे लागते. या पट्ट्याला 'खारपाणपट्टा' असे म्हणतात. तेथे विहिरीच्या पाण्यावर बागायत करणे कठीण. म्हणून पूर्वीपासून तेथील शेतकरी पावसाळा सरताच जमिनीतील ओलीवर हरभरा आणि बन्सी गहू पेरीत आला. आज या पट्ट्यात हरभऱ्याचे क्षेत्र पुष्कळ वाढले आहे. काटेपूर्णा, ऊर्ध्व वर्धा यांसारख्या धरणांच्या लाभक्षेत्रात आणि गोड्या पाण्याच्या विहिरींवर मात्र ओलिताचा गहू घेतला जातो.

आता अशा एका शिवाराची कल्पना करावी. माघ महिना चालू आहे. एका शेताला वेळेवर पाणी मिळाल्याने गहू दाट आहे. शेजारच्या शेतात पेरणी उशिरा झाली, म्हणून ओंब्या लहान आहेत. तिसऱ्या शेताच्या धुऱ्यालगत बाभळीची सावली पडते. तेथे पीक विरळ आहे. चौथे शेत सखल असून त्यात पावसाळ्याचे पाणी साचून राहिले होते. तेथे काही तासांत रोपेच उगवली नाहीत. रस्त्यावरून मोटारीने जाणाऱ्या पाहुण्यास केवळ कडेचे पहिले शेत दिसते आणि 'यंदा गहू उत्तम आहे' असे तो सांगतो. पायवाटेने आत गेलेला मनुष्य चौथे शेत पाहून 'यंदा गहू बुडाला' असे म्हणतो. दोघेही खोटे बोलत नाहीत. दोघांनी पाहिलेली शिते वेगळी होती, एवढेच.

पीक हाती येण्यापूर्वी किंवा येताच त्याचा अंदाज करण्याची आवश्यकता राज्यकर्त्यांना फार प्राचीन काळापासून वाटत आली आहे. पूर्वी ती मुख्यतः साऱ्यासाठी होती. पुढे लोकसंख्या वाढली, धान्य दूरदूर जाऊ लागले आणि अन्नाचा हिशेब हा राज्यकारभाराचा महत्त्वाचा भाग झाला. देशात किती धान्य पिकेल हे ठाऊक असेल, तरच कमी पडणारे धान्य वेळेवर आणवता येते आणि जास्त असलेले बाहेर पाठवता येते. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडून लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. त्या अनर्थाची कारणे अनेक होती. परंतु प्रांतात धान्य नेमके किती आहे, याचे विश्वसनीय आकडे जवळ नसणे किती घातक असते, हे त्या वेळी सर्वांच्या ध्यानात आले.

अलीकडचे उदाहरणही बोलके आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये देशात सुमारे ११ कोटी १३ लाख टन गहू होईल, असा सरकारी अंदाज प्रसिद्ध झाला. त्यानंतर मार्च महिन्यात उत्तर भारतात असाधारण उष्मा झाला आणि ओंबीत भरत असलेला दाणा पुष्कळ ठिकाणी बारीक राहिला. मे महिन्यात तोच अंदाज १० कोटी ६४ लाख टनांवर आणावा लागला आणि १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालण्यात आली. अंदाजातील एका आकड्याच्या बदलाने किती मोठे निर्णय फिरतात, हे यावरून दिसते.

इंग्रजी अमदानीत पिकाचा अंदाज 'आणेवारी'ने करीत असत. त्या वेळी रुपयाचे सोळा आणे होत. म्हणून उत्तम पिकाला 'सोळा आणे पीक' म्हणत आणि त्या मानाने यंदाचे पीक किती आणे आहे, हे गावचा पटवारी व वरचे कामगार शेतांवरून नजर फिरवून ठरवीत. पीक बारा आणे आहे, याचा अर्थ ते उत्तम पिकाच्या तीन चतुर्थांश आहे. पेरणीचे क्षेत्र, उत्तम सालातील दर एकरी उत्पन्न आणि यंदाची आणेवारी या तिहींच्या गुणाकारातून प्रांताच्या एकंदर उत्पन्नाचा आकडा तयार होई. १ एप्रिल १९५७ पासून नवे दशमान नाणे आले आणि आण्याचे स्थान पैशाने घेतले. 'आणेवारी'ची 'पैसेवारी' झाली. गावाची पैसेवारी ५० पैशांपेक्षा कमी आली, म्हणजे पीक निम्म्याहून कमी आहे, असे समजून जमीन महसुलात सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी इत्यादी सवलती देण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक वर्षे चालत आली. केंद्र शासनाने २०१६ साली दुष्काळ व्यवस्थापनाची संहिता काढली. तीत पाऊस, जमिनीतील ओल, पेरणीचे क्षेत्र आणि उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवळ या गोष्टींनाही स्थान मिळाले.

नजरेने ठरवलेल्या आणेवारीत एक मोठा दोष होता. सोळा आणे म्हणजे नेमके किती मण, याविषयी दोन माणसांचे एकमत होत नसे. म्हाताऱ्याच्या आठवणीतील उत्तम साल आणि तरुणाने पाहिलेले उत्तम साल यांत अंतर असे. शिवाय नजर ही मनाच्या ओढीने चालते. सारा वाढू नये म्हणून कोणी पीक कमी सांगे, तर वसुलीत तूट दिसू नये म्हणून कोणी ते वाढवून सांगे. जेथे नजर हेच माप असते, तेथे माणसागणिक माप बदलते.

ही अडचण दूर करावयाची, तर पीक नजरेने पाहण्याऐवजी प्रत्यक्ष कापून, मळून तोलले पाहिजे. सगळ्या शेतांचे पीक सरकारने तोलणे अर्थातच अशक्य. म्हणून काही थोड्या जागा निवडून तेथील पीक तोलावे आणि त्यावरून सर्वांचे अनुमान करावे, ही कल्पना पुढे आली. १९२० नंतरच्या दशकात हबॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने बिहार व ओरिसा प्रांतात भातशेतीवर असे प्रयोग केले. कोठेही शेत निवडताना माणसाच्या आवडीनिवडीला वाव राहता कामा नये, हा मुद्दा त्याने आग्रहाने मांडला. पुढे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये तागाच्या पिकाची मोठी पाहणी केली. महालनोबिस यांनीच १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली होती.

याच काळात महाराष्ट्रातील काही विद्वान या शास्त्राकडे वळले. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते लंडनला गेले आणि तेथे संख्याशास्त्रात पारंगत होऊन परत आले. दिल्लीस भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत त्यांनी पीक कापणीच्या प्रयोगांची व्यवस्था उभी केली. वि. गो. पानसे हे इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत कापसाच्या पिकावर संशोधन करीत होते. आर. जे. कळमकर यांनी इंग्लंडमधील रॉदॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात अभ्यास केला होता. गव्हाच्या शेतातून नमुने कसे घ्यावेत, या विषयावरील त्यांचा निबंध १९३२ साली प्रसिद्ध झाला.

पानसे आणि कळमकर यांनी आपल्या पद्धतीची कसोटी घेण्यासाठी जी भूमी निवडली, ती वऱ्हाडाची होती. १९४२-४३ च्या सुमारास अकोला जिल्ह्यात कापसाच्या उत्पन्नाची पद्धतशीर पाहणी करण्यात आली. कापसाचे पीक या कामी फार अवघड. गहू एकदा कापला की संपला. कापसाची वेचणी मात्र तीन-चार वेळा होते आणि प्रत्येक वेळी त्याच जागेवर जाऊन वजन करावे लागते. एवढे असूनही चिठ्ठ्या टाकून गावे निवडणे, गावातून शेते निवडणे आणि शेतातून एक तुकडा निवडणे, ही रीत सरकारी नोकरांच्या नेहमीच्या कामात बसवता येते, हे दिसून आले. १९४४ व १९४५ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात या विषयावरील लेख प्रसिद्ध झाले. आज देशभर ज्याला 'पीक कापणी प्रयोग' म्हणतात, त्याच्या आरंभीच्या पाहण्यांत अकोल्याच्या काळ्या मातीचा असा वाटा आहे.

त्या काळी विद्वानांमध्ये एक वाद फार रंगला. निवडलेला तुकडा केवढा असावा, हा तो वाद होता. महालनोबिस यांचे मत असे की, तुकडे लहान घ्यावेत. म्हणजे तेवढ्याच श्रमात पुष्कळ ठिकाणचे नमुने मिळतील. सुखात्मे व पानसे यांचे म्हणणे असे की, फार लहान तुकड्यातून उत्पन्नाचा आकडा खऱ्यापेक्षा फुगून येतो. सुखात्मे यांनी तेव्हाच्या संयुक्त प्रांतातील मुरादाबाद जिल्ह्यात गव्हाच्या शेतांवर निरनिराळ्या आकारांचे तुकडे घेऊन याची पडताळणी केली आणि १९४६ साली तिचे निष्कर्ष 'नेचर' या नियतकालिकात मांडले. अतिशय लहान तुकड्यांनी उत्पन्न वाढवून दाखवले होते.

असे का व्हावे? याचे कारण तुकड्याच्या कडेत आहे. दोरीच्या अगदी खाली एखादे रोप आले, म्हणजे ते आत धरावे की बाहेर, हा प्रश्न पडतो. कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. एक मीटर लांब व एक मीटर रुंद तुकड्याला एका चौरस मीटरमागे चार मीटर कड असते. दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद तुकड्याचे क्षेत्र पन्नास चौरस मीटर आणि कड तीस मीटर. म्हणजे एका चौरस मीटरमागे कड अवघी साठ सेंटिमीटर. कड जितकी कमी, तितकी अशी चूक कमी. कापणाऱ्याच्या मनात कपट नसतानाही मापात चूक शिरते आणि तिला केवळ प्रामाणिकपणाने आवर घालता येत नाही. त्यासाठी पद्धतच निर्दोष असावी लागते, हा या वादातून मिळालेला मोठा धडा होय.

आता गव्हाच्या एका शेतात हा प्रयोग कसा करतात, ते पाहू. तालुक्यातून किंवा महसूल मंडळातून कोणती गावे घ्यावयाची, हे आकड्यांच्या यादीवरून ठरते. असे आकडे कोणत्याही क्रमाविना मांडलेले असतात. त्यांना 'यादृच्छिक संख्या' म्हणतात. गावात गहू पेरलेल्या शेतांची यादी असते. तीमधून पुन्हा अशाच आकड्यांनी शेत निवडतात. हे काम महसूल, ग्रामविकास आणि कृषी या खात्यांचे गावपातळीवरील कर्मचारी आपसांत वाटून घेतात.

शेतावर गेल्यावर प्रथम त्याचा नैर्ऋत्येकडील कोपरा निश्चित करतात. समजा, शेत १२० मीटर लांब व ८० मीटर रुंद आहे आणि कापणीचा तुकडा १० मीटर बाय ५ मीटरचा घ्यावयाचा आहे. तुकडा शेताबाहेर जाऊ नये म्हणून लांबीतून १० व रुंदीतून ५ मीटर वजा करतात. उरलेल्या ११० आणि ७५ या मर्यादांच्या आत दोन यादृच्छिक संख्या घेतात. त्या ३७ व ५२ निघाल्या, तर कोपऱ्यापासून लांबीच्या बाजूने ३७ मीटर चालून तेथून आत ५२ मीटर जावयाचे आणि तेथे पहिली खुंटी ठोकावयाची. मग दोरीने चौकोन आखतात. त्याचे कोपरे काटकोनात आहेत की नाहीत, हे कर्ण मोजून पाहतात. अशा चौकोनाचा प्रत्येक कर्ण सुमारे ११ मीटर १८ सेंटिमीटर भरला पाहिजे.

नेमक्या याच क्षणी माणसाच्या मनाची परीक्षा होते. खुंटी विरळ पिकात पडली, तर आपल्या शेतीचा अभिमान असलेला शेतकरी म्हणतो, "साहेब, इथलं पीक तं निरं पातळ आहे. जरा तिकडे सरका ना. तिकडचा गहू पाहा कसा दाटला आहे!"

कामावर आलेला तरुण कर्मचारी नम्रपणे उत्तर देतो, "काका, ही जागा मी निवडली नाही, आकड्यांनी निवडली आहे. खुंटी दाट गव्हात पडली असती, तरी ती मला हलवता आली नसती."

या उत्तरात साऱ्या पद्धतीचे मर्म आहे. खुंटी एकदा एकाच्या सांगण्यावरून सरकली, की उद्या दुसऱ्याच्या सांगण्यावरून उलट दिशेला सरकेल. कोणाला पीक जास्त दिसावे असे वाटते, कोणाला कमी. खुंटी जागची हलू न देणे, हाच दोघांना सारखा न्याय.

चौकोनातील गव्हाची सोंगणी करून तो स्वच्छ ताडपत्रीवर झोडपतात, उफणतात आणि तोलतात. ताज्या धान्यात ओल असते. म्हणून ते उन्हात वाळवून पुन्हा वजन करतात. समजा, ताजे धान्य ८ किलो भरले आणि वाळल्यावर साडेसात किलो राहिले. एका हेक्टरमध्ये दहा हजार चौरस मीटर असतात, म्हणजे असे पन्नास चौरस मीटरांचे दोनशे तुकडे. साडेसातला दोनशेने गुणले असता दीड हजार किलो, म्हणजे हेक्टरी पंधरा क्विंटल, हे त्या जागेचे उत्पन्न झाले. प्रयोगाच्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि छायाचित्रे आता मोबाइलवर नोंदवली जातात, त्यामुळे कर्मचारी खरोखर शेतावर गेला होता की नाही, हे पडताळता येते.

एका तुकड्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. समजा, एका महसूल मंडळात दहा प्रयोग झाले आणि वाळलेल्या धान्याची वजने अनुक्रमे ९, ४, ७, ११, ६, ८, ५, १०, ७ आणि ८ किलो भरली. त्यांची बेरीज ७५, म्हणून सरासरी साडेसात किलो, अर्थात हेक्टरी पंधरा क्विंटल. यांतील सर्वांत चांगले तीनच तुकडे कोणी निवडले, तर सरासरी दहा किलो व उत्पन्न हेक्टरी वीस क्विंटल दिसेल. सर्वांत वाईट तीन निवडले, तर पाच किलो व दहा क्विंटल. शेते तीच, गहू तोच, तराजूही खरा. केवळ निवड बदलली आणि उत्पन्न दुपटीने खालीवर झाले.

या फरकाची किंमत रुपयांत मोजता येते. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ साली सुरू झाली. तीत महसूल मंडळ हा घटक धरला असता प्रमुख पिकासाठी त्यात किमान दहा कापणी प्रयोग करावे लागतात. मागील वर्षांच्या उत्पन्नावरून 'उंबरठा उत्पन्न' ठरवतात आणि यंदाची सरासरी त्याहून जितकी कमी, तितक्या प्रमाणात भरपाई देतात. वरील उदाहरणात उंबरठा उत्पन्न वीस क्विंटल आणि विम्याची रक्कम हेक्टरी चाळीस हजार रुपये आहे, असे समजू. खरी सरासरी पंधरा क्विंटल. तूट पाच क्विंटल, म्हणजे एक चतुर्थांश. भरपाई दहा हजार रुपये. चांगले तुकडे निवडले, तर तूट शून्य आणि नुकसान सोसलेल्या शेतकऱ्याला एक पैसाही नाही. वाईट तुकडे निवडले, तर वीस हजार. आणि हा जादा बोजा अखेर जनतेच्याच पैशावर पडतो. खुंटी दोन पावले सरकवणे ही क्षुल्लक गोष्ट नाही, ती यामुळे.

कापणीची वाट न पाहता उभ्या पिकावरूनही उत्पन्नाचा अदमास घेता येतो. गव्हाचे उत्पन्न तीन गोष्टींनी बनते: एका चौरस मीटरमधील ओंब्यांची संख्या, एका ओंबीतील दाण्यांची संख्या आणि दाण्याचे वजन. पेरणीनंतर सुमारे तीन आठवड्यांनी गव्हाला नवी मुळे व फुटवे येऊ लागतात. त्या वेळी ओल कमी पडली, तर ओंब्या कमी येतात. पीक फुलोऱ्यात असताना ताण पडला, तर ओंबीतील दाणे घटतात. शेवटी दाण्यात चीक भरताना उष्मा वाढला, तर दाणा बारीक व सुरकुतलेला राहतो. समजा, कोरडवाहू शेतात एका चौरस मीटरमध्ये १५० ओंब्या, दर ओंबीस २५ दाणे आणि हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम आहे. तर चौरस मीटरला १५० ग्रॅम, म्हणजे हेक्टरी पंधरा क्विंटल गहू अपेक्षित होय. मात्र उष्म्याने हजार दाण्यांचे वजन ३२ ग्रॅमवर आले, तर तेच उत्पन्न बारा क्विंटल होईल. ओंब्या तितक्याच, दाणेही तितकेच. दुरून पाहणाऱ्याला शेतात काहीच उणे दिसणार नाही. म्हणून उभ्या पिकावरील अंदाज ही शक्यता समजावी; अंतिम निर्णय तराजूनेच द्यावा.

उत्पन्नाच्या हिशेबाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे क्षेत्र. हेक्टरी उत्पन्न कितीही बिनचूक काढले, तरी गहू किती हेक्टरांत पेरला आहे, हे चुकले तर एकंदर आकडा चुकणारच. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून 'ई-पीक पाहणी'द्वारे शेतकऱ्याला आपल्या शेतातील पिकाची नोंद छायाचित्रासह स्वतः करण्याची सोय झाली. उपग्रहांची छायाचित्रेही साहाय्यास आली असून दिल्ली येथील राष्ट्रीय पीक अंदाज केंद्राला महालनोबिस यांचे नाव देण्यात आले आहे. उपग्रहाची दृष्टी विशाल आहे. परंतु आपण पाहिले ते खरे की नाही, हे ठरवण्यासाठी त्यालाही जमिनीवर कापून तोललेल्या गव्हाचीच साक्ष काढावी लागते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. दहा तुकड्यांची सरासरी साऱ्या मंडळाविषयी सांगते. एकेका शेतकऱ्याविषयी सांगत नाही. मंडळाचे उत्पन्न चांगले आले आणि एखाद्याच शेतात पाणी साचून पीक गेले, तर त्या शेतकऱ्याचे दुःख सरासरीत दिसत नाही. प्रयोग घाईने, अर्धवट किंवा घरी बसून लिहिले गेले, तर उत्तम शास्त्रही निरुपयोगी होते. म्हणून प्रयोगाच्या वेळी शेतकऱ्याने व गावातील जाणत्या माणसांनी हजर राहावे, माप व वजन आपल्या डोळ्यांनी पाहावे, हे इष्ट आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातील शेतकरी तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत बोलत नाही. धान्य तोलताना तो जितका सावध असतो, तितकीच सावधगिरी धान्याचा नमुना निवडतानाही हवी, हे सुखात्मे, पानसे, कळमकर यांच्या कार्याने दाखवून दिले. शितावरून भाताची परीक्षा अवश्य करावी. परंतु ते शीत आपल्या सोयीचे पाहून उचलू नये. ज्या समाजात अशी निःपक्षपाती मोजणी होते, तेथे धान्याचा आकडा कागदावर आणि कोठारात एकच असतो, आणि ज्याचे पीक गेले त्याला आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी कोणाच्या कृपेची वाट पाहावी लागत नाही.

स्वाध्याय

१. पातेल्यातील भात आणि शेतातील पीक यांत कोणता फरक आहे? त्या फरकामुळे कोणती अडचण उत्पन्न होते?

२. आणेवारीच्या पद्धतीतील दोष आपल्या शब्दांत लिहा.

३. फार लहान तुकडा घेतल्यास उत्पन्नाचा आकडा का फुगतो?

४. "काका, ही जागा मी निवडली नाही, आकड्यांनी निवडली आहे." या उत्तरातील मर्म स्पष्ट करा.

५. एका तुकड्याचे क्षेत्र ५० चौरस मीटर असून त्यातील वाळलेला गहू ९ किलो भरला. हेक्टरी उत्पन्न किती क्विंटल झाले?

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: निःपक्षपाती, अदमास, धुरा, सोंगणी, पडताळणी.

७. आपल्या गावच्या किंवा जवळच्या शिवारातील एखाद्या पिकाचे निरीक्षण करा. शेताच्या निरनिराळ्या भागांत पीक कमीअधिक का आले आहे, हे शेतकऱ्यास विचारून दहा ओळी लिहा.